वाचनशिक्षण, प्राथमिक : भंडारा जिल्हा

लिपिबद्ध मजकूर नजरेने ओळखून त्याचा अर्थ ग्रहण करण्याच्या क्रियेस वाचन आणि ही क्रिया बालकास क्रमाक्रमाने अवगत करून देण्याच्या कार्यास वाचनशिक्षण म्हणतात. अक्षरे ओळखता येणे ही वाचनाची पहिली पायरी होय. परंतु अक्षरे ओळखणारे प्रत्येक मूल वाचक असतेच असे नाही. अडखळत, अक्षराला अक्षर जोडत वाचणाऱ्या मुलाचे सर्व लक्ष अक्षरांवरच खर्च होते व वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विस्मरणात गेलेला असतो. अचूकता, पुरेशी गती आणि अर्थानुसारी आरोह-अवरोह हे तीन गुण एकत्र आले म्हणजे वाचन प्रवाही झाले असे मानतात. एकाच वर्गातील भिन्न क्षमतांच्या मुलांना या अवस्थेपर्यंत कसे न्यावयाचे, हा प्राथमिक शिक्षणातील एक जुना प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या पूर्व भागातील भंडारा जिल्ह्यात बोलीभेद, लहान खेड्यांतील अनेक इयत्तांचे एकत्रित वर्ग आणि शेतीच्या हंगामाशी निगडित उपस्थिती यांमुळे या प्रश्नाची बहुतेक अंगे एकत्र पाहावयास मिळतात.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. ते राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात त्याचा समावेश झाला. १८६७ नंतर उत्तरेकडील काही मुलूख तोडून बालाघाट जिल्ह्यात घालण्यात आला. १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. मराठी व हिंदी या भाषांच्या सीमेवरील हे स्थान येथील वाचनशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले आहे.

लिपी व प्रवाही वाचन : देवनागरी लिपी उच्चारानुसारी असल्यामुळे ती शिकण्यास सोपी आहे, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अंशतः खरे आहे. रोमन लिपीतील मुलास तीसहून कमी चिन्हे शिकावी लागतात. मराठी मुलास मात्र व्यंजन व स्वरचिन्ह यांच्या संयोगाने होणारी रूपे ओळखावी लागतात. पारंपरिक बाराखडीत प्रत्येक व्यंजनाची १२ रूपे असतात. म्हणजे ३४ व्यंजनांची ४०८ रूपे होतात व त्यांत जोडाक्षरांची भर पडते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहितात, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’, ‘प्रकाश’ व ‘राष्ट्र’ या शब्दांत एकच र तीन निरनिराळ्या रूपांत येतो. च, ज व झ यांचे प्रत्येकी दोन उच्चार असूनही चिन्ह एकच आहे. शब्दातील अंगभूत अकार उच्चारात अनेक ठिकाणी गळतो. ‘करवत’ हा शब्द चार पूर्ण अक्षरांनी लिहिला जातो, परंतु उच्चारताना र आणि त हे हलन्तासारखे होतात. त्यामुळे प्रत्येक अक्षर बिनचूक उच्चारणाऱ्या मुलालाही परिचित शब्द ऐकू येत नाही. तुटक अक्षरांतून बोलीतील जिवंत शब्द सापडणे हाच मराठी वाचनातील कठीण टप्पा असून बहुसंख्य मागे पडणारी मुले याच टप्प्यावर थांबलेली आढळतात.

पंतोजींच्या शाळा : एकोणिसाव्या शतकापूर्वी मराठी मुलखात वाचनाचे शिक्षण पंतोजींच्या खाजगी शाळांत होत असे. देवळाची ओसरी किंवा एखाद्या सधन गृहस्थाची पडवी ही शाळेची जागा असे. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवून ‘ओनामा’ने आरंभ होई. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे व अंकांची उजळणी हा क्रम ठरलेला असे. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ अशा ठेक्यात मुले बाराखडी घोकीत. पुढे हिशेब व पत्रलेखन यांसाठी मोडी लिपी शिकवीत. छापील पुस्तके नसल्यामुळे शिकणे हे मुख्यतः पाठांतर व लेखन यांच्या द्वारा होई. या शाळांतून शिक्षण प्रायः उच्च व व्यापारी जातींच्या मुलांपुरते मर्यादित राहिले. मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले त्याबाहेर होती.

या शाळांचा एक गुण मात्र पुढील काळात दुर्लक्षित झाला. त्यांत इयत्ता नव्हत्या. प्रत्येक मुलाचा पाठ स्वतंत्र असे, एक धडा पक्का झाल्याखेरीज दुसरा मिळत नसे आणि मोठी मुले लहानांना शिकवीत. मद्रास येथील लष्करी अनाथालयाचा अधीक्षक अँड्रू बेल याने देशी शाळांतील वाळूवर अक्षरे गिरविण्याची रीत उचलली व विद्यार्थ्यांकरवी विद्यार्थ्यांस शिकविण्याची पद्धत १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली. जोसेफ लँकेस्टर याच्या तत्सम पद्धतीबरोबर ती अनेक देशांत पसरली.

छापील पुस्तक व तपासणी : मुंबई इलाख्यात १८२० नंतर शाळापुस्तकांची निर्मिती सुरू झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या प्रयत्नांनी मुलांसाठी छापील मराठी गद्य उपलब्ध झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षणखाती स्थापन झाली आणि मेजर टॉमस कँडी याच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. मध्य प्रांतात सर रिचर्ड टेंपल याच्या कारकीर्दीत १८६२ मध्ये शिक्षणखात्याची उभारणी झाली आणि भंडारा जिल्ह्यात सरकारी देखरेखीखालील शाळांचा काळ सुरू झाला.

क्रमिक पुस्तकाबरोबर इयत्ता, वार्षिक परीक्षा आणि शाळातपासनीस यांचेही आगमन झाले. मुलाच्या गतीऐवजी पुस्तकाची गती प्रमाण ठरली. वर्षाअखेर तपासनीसासमोर धडा मोठ्याने म्हणून दाखविणे ही वाचनाची कसोटी बनली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या संहितेनुसार शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर अवलंबून ठेवण्यात आले होते. तेथील कवी व शाळातपासनीस मॅथ्यू आर्नल्ड याने या पद्धतीवर कठोर टीका केली. परीक्षेपुरते पुस्तक तोंडपाठ करून न वाचताच उत्तीर्ण होणारी मुले त्याने पाहिली होती. हिंदुस्थानातही काही प्रांतांत निकालानुसार अनुदान देण्याची रीत अवलंबिली गेली. १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने तिचा त्याग करण्यात आला. तथापि पाठ केलेला धडा अस्खलित म्हणणे म्हणजेच चांगले वाचणे, हा समज शाळांत दीर्घकाळ टिकून राहिला. वाचनाचे मापन जेव्हा मुलाच्या मदतीसाठी न होता शाळेच्या हिशेबासाठी होते, तेव्हा मोजली जाणारी गोष्टच बदलते, हा या कालखंडाचा बोध होय.

मध्य प्रांतात १९२० च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाने स्थानिक संस्थांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा मिळाली. १९३७ नंतर वर्धा येथून पुढे आलेली मूलोद्योग शिक्षणाची योजना व पंडित रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना यांनी या प्रांतातील ग्रामीण शाळांचा नव्याने विचार केला. सक्ती व प्रसार यांमुळे शाळेत येणाऱ्या मुलांचा सामाजिक परीघ वाढू लागला. घरी लिहिण्यावाचण्याची परंपरा असलेले मूल आणि घरातील पहिलेच शाळेत जाणारे मूल एकाच बाकावर आले. पुस्तक मात्र दोघांना एकच राहिले.

पद्धतींमधील परिवर्तन : अक्षरापासून शब्दाकडे जाणारी वर्णपद्धती आणि अर्थपूर्ण शब्दापासून किंवा वाक्यापासून अक्षराकडे येणारी शब्द व वाक्यपद्धती यांचा वाद जगभर चालला. फ्रेंच नेत्रवैद्य एमिल जाव्हाल याने १८७९ च्या सुमारास वाचताना दृष्टी सलग न सरकता टप्प्याटप्प्याने उडी घेते, हे नोंदविले. जेम्स कॅटेल याने १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत परिचित शब्द ओळखण्यास एका अक्षराइतकाच अल्प वेळ पुरतो असे आढळले. या निष्कर्षांनी शब्दपद्धतीस बळ मिळाले. पुढील संशोधनाने मात्र अक्षर-ध्वनिसंबंधाचे पद्धतशीर शिक्षण अनिवार्य असल्याचे दाखविले. जीन चॉल यांचा १९६७ मधील ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचा होय.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारा, पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह, मुलाच्या परिसरातील वस्तू, गाणी व गोष्टी यांतून अक्षरओळख करून देण्याचा मार्ग रूढ केला. फलटण येथे भाषावैज्ञानिक मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कार्यातून बाराखडीचा पारंपरिक क्रम बाजूस ठेवून निवडक वर्ण व स्वरचिन्हे लहान गटांत शिकविण्याची पद्धत विकसित केली. चार-पाच अक्षरे व एखादी मात्रा येताच मुलास अर्थपूर्ण शब्द वाचता येतात, हे तिचे मर्म होय. ४०८ रूपे पाठ होईपर्यंत वाचनाचा आनंद पुढे ढकलावा लागत नाही, हा तिचा लाभ मागे पडणाऱ्या मुलांना विशेष होतो.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिल्या दोन इयत्ता एकच अविभक्त घटक मानाव्यात, म्हणजे मुलांना आपापल्या गतीने वाचन-लेखन आत्मसात करता येईल, अशी शिफारस केली. १९६७ मध्ये पुणे येथे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती) स्थापन झाले आणि विदर्भासह सर्व राज्यास समान मराठी वाचनमाला मिळाली. मंडळाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या किशोर मासिकाने मुलांना अवांतर वाचनाचे साहित्य पुरविले. १९९१ नंतर किमान अध्ययन क्षमतांचा कार्यक्रम आला आणि २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने वयानुरूप वर्गात प्रवेश बंधनकारक केला. या अधिनियमानुसार पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुले असलेल्या शाळेस दोन शिक्षक मिळतात. साहजिकच लहान खेड्यातील एका शिक्षकास दोन किंवा तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

भंडारा जिल्ह्यातील मुख्य पीक भात असल्याने पावसाळ्यातील रोवणी व हिवाळ्याच्या तोंडावरील कापणी या काळात शेतमजूर कुटुंबांतील मुलांची उपस्थिती विस्कळीत होते. नेमक्या प्रथम सत्रातच अक्षरपरिचयाचे पाठ असतात. सलगता तुटलेले मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण ८३.७६ टक्के होते. परंतु जनगणनेतील साक्षरता ही कुटुंबाने दिलेल्या माहितीवर आधारलेली असून तीवरून वाचनाचा ओघ कळत नाही.

स्तरानुसार गट : वाचनाची पातळी प्रत्यक्ष मुलाकडून वाचून घेऊन ठरविण्याची रीत ‘प्रथम’ या संस्थेने रूढ केली. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास मुंबईतील वस्त्यांत कामास आरंभ करणाऱ्या या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ हे ग्रामीण सर्वेक्षण होऊ लागले. त्यात मुलाच्या घरी जाऊन अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी काय वाचता येते ते पाहतात. या सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये सु. २७ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले व २०२४ मध्ये पुन्हा सु. २७ टक्क्यांवर आले. मधली घसरण करोना साथीच्या काळातील होती. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत भरू शकले नाहीत. २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबविण्यात आला.

या कसोटीतून पुढे आलेली अध्यापनरीत अशी : तिसरी ते पाचवीच्या मुलांचे दिवसातील ठराविक वेळेपुरते इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट करतात. आरंभिक गट अक्षरे व बाराखडीचे खेळ खेळतो, शब्दगट लहान वाक्यांकडे जातो, परिच्छेदगट गोष्टी वाचून त्यांवर बोलतो. पातळी वाढताच मूल पुढील गटात जाते. मुंबई व वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात स्थानिक युवतींच्या साहाय्याने मागे पडलेल्या मुलांना शिकविण्याच्या प्रयोगाचे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल्यमापन केले व त्यातून या दिशेस पुष्टी मिळाली. पंतोजीच्या शाळेतील ‘मुलागणिक पाठ’ येथे सर्व जातींच्या मुलामुलींसाठी आणि निश्चित मोजमापासह परत आला, असे म्हणता येईल. गट हे तात्पुरते साधन आहे, याचे भान मात्र आवश्यक असते. खालचा गट कायमचा झाला, तर त्यातील मुलांवर ‘ढ’ हा शिक्का बसतो व गटाचा हेतूच नष्ट होतो. ज्यांची अडचण सरावाने दूर होत नाही, त्यांची अध्ययन-अक्षमतेच्या दृष्टीने तपासणी करणे उचित ठरते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक अधिनियमात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे.

प्रवाहिता वाढविण्याचे उपाय : डेव्हिड लाबर्ज व एस्. जे. सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये असे प्रतिपादन केले की, अवधान मर्यादित असल्याने शब्द ओळखणे अनायास झाल्यावरच ते अर्थाकडे वळू शकते. सॅम्युएल्स याने १९७९ मध्ये पुनर्वाचनाची रीत मांडली. तीत सु. ५० ते २०० शब्दांचा एकच सोपा उतारा अपेक्षित सफाई येईपर्यंत पुनःपुन्हा वाचतात. पुनर्वाचन व घोकंपट्टी यांत मूलभूत फरक आहे. घोकंपट्टीत नजर पुस्तकावर नसते. पुनर्वाचनात प्रत्येक वेळी नजर शब्दावरून जाते आणि नवा उतारा घेतल्यावर आधीच्या सरावाचा लाभ दिसून येतो. शिक्षकाने आदर्श वाचन करणे, शब्दांखाली बोट फिरवीत मुलाने त्याच्याबरोबर वाचणे, जोडीने वाचणे, सामूहिक वाचन आणि संवादांचे नाट्यवाचन हे इतर उपाय होत. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० मधील अहवालात मार्गदर्शनासह केलेल्या प्रकट पुनर्वाचनाचा लाभ मान्य करण्यात आला. बहुवर्गी शाळेत जोडीवाचनाचे मोल विशेष असते. चौथीतील संथ वाचकास पहिलीतील मुलाला गोष्ट वाचून दाखविण्याचे काम दिले, तर सोप्या मजकुराचा सराव त्याला कमीपणा न वाटता मिळतो.

बोली व उच्चार : भंडारा जिल्ह्याच्या मोठ्या भागात झाडीबोली बोलली जाते; काही समाजांत पोवारी, गोंडी व हलबी या बोलीही आढळतात. साकोली येथील अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाचा पाया घातला. या बोलीत ण, ळ व श हे ध्वनी नाहीत. त्यांच्या जागी न, र व स येतात. ‘पाणी’ पाहून मूल ‘पानी’ म्हणते, ‘डोळा’ पाहून ‘डोरा’ म्हणते. येथे मुलाने शब्द ओळखला आहे, अर्थही जाणला आहे. केवळ तो आपल्या घरच्या उच्चारात म्हटला आहे. प्रत्येक वेळी थांबवून उच्चार सुधारल्यास ओघ तुटतो आणि आपली भाषाच चुकीची आहे, असा ग्रह होऊन मूल मोठ्याने वाचण्याचे टाळते. अमेरिकन अभ्यासक केनेथ गुडमन याने १९६० नंतरच्या दशकात हाच विचार मांडला : अर्थ न बदलणारे बोलीनिष्ठ वाचन ही वाचनातील चूक नव्हे. ‘पाणी’च्या जागी ‘पान’ वाचणाऱ्या व ‘पानी’ वाचणाऱ्या मुलांच्या गरजा भिन्न आहेत. शिक्षकास हा भेद ओळखता येणे हे भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात वाचनशिक्षणाचे मुख्य कौशल्य ठरते. प्रमाण उच्चाराचा परिचय गोष्टी, गाणी व श्रवण यांतून स्वतंत्रपणे करून देता येतो.

मापन व मर्यादा : २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने प्रत्येक मुलाची मूलभूत वाचनक्षमता हे शाळेचे उद्दिष्ट ठरविले. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ अभियान जाहीर केले. त्यातील लक्ष्यानुसार दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटास ४५ ते ६० व तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. अशा लक्ष्यांमुळे मागे पडणारे मूल लवकर लक्षात येते. तथापि शब्दसंख्येची तुलना भाषाभाषांत सरळ करता येत नाही. हिंदीत ‘घर के सामने के’ हे चार शब्द मोजले जातात. मराठीतील ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द होय. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांसाठी स्वतंत्रपणे वाचनाची चाचणी घेण्यात आली, ती याच कारणामुळे.

गती हे प्रवाही वाचनाचे लक्षण आहे, साध्य नव्हे. घड्याळ लावून घाईने वाचावयास शिकलेले मूल विरामचिन्हे ओलांडते आणि एकोणिसाव्या शतकात तपासनीसासमोर धडा म्हणणाऱ्या मुलाच्याच जागी येऊन उभे राहते. म्हणून वाचून झाल्यावर एखादा साधा प्रश्न विचारणे किंवा गोष्ट मुलास त्याच्या बोलीत सांगावयास लावणे, हा मापनाचा आवश्यक भाग होय. मुलाची आजची पातळी प्रामाणिकपणे ओळखणे, तेथूनच पाठ सुरू करणे, वाचनास पुरेसे व सोपे साहित्य रोज हाती देणे आणि त्याच्या बोलीस वर्गात स्थान देणे, या चार गोष्टी दोन शिक्षकांच्या लहान शाळेतही शक्य असतात. भंडारा जिल्ह्यातील दीड शतकाहून अधिक काळाच्या वाचनशिक्षणाचा इतिहास पाहता, पाठ पुस्तकाच्या गतीने चालला तेव्हा अनेक मुले मागे राहिली आणि तो मुलाच्या गतीने चालला तेव्हा मागे राहिलेलेही वाचू लागले, असे दिसून येते.